अंगठ्यातली चाल

कार्टर फॅमिलीची ‘वाइल्डवूड फ्लॉवर’ ही मे १९२८मधली तबकडी लावली की आधी कानावर पडते ती गिटार, गाणं नंतर येतं. खालच्या जाड तारांवर कुणीतरी अख्खी चाल वाजवतं, आणि सुरांच्या फटीफटींतून वरच्या बारीक तारांचा झणकार येत राहतो. दोघं जण वाजवताहेत असंच वाटतं. प्रत्यक्षात वाजवणारी एकटी आहे. तिचं नाव मेबेल कार्टर. वय एकोणीसच्या आसपास, पदरात आठ महिन्यांची मुलगी. संगीताचं शिक्षण म्हणाल तर घरात आणि चर्चमध्ये कानावर पडलं तेवढंच. अमेरिकेतल्या कंट्री संगीताची गिटार या तबकडीपासून बदलली असं म्हणतात, आणि ते फारसं अतिशयोक्त नाही.

तिचं तंत्र सांगायला सोपं, हातात यायला अवघड. उजव्या अंगठ्यात नखी घालायची आणि चाल अंगठ्याने खर्जाच्या तारांवर काढायची. दोन सुरांच्या मध्ये तर्जनीने वरच्या तारा खाली-वर घासून ताल धरायचा. डावा हात स्वरसंवादाची पकड सोडत नाही. तिच्यातलंच एखादं बोट उचलून किंवा दाबून चालीचा पुढचा सूर मिळवायचा. म्हणजे चाल, ताल आणि साथ ही तिन्ही कामं एकाच हातात. तिकडचे वादक याला ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतात. दुसऱ्या कुठल्या वाद्याची गरजच पडू नये, अशी ही व्यवस्था आहे, आणि ती गरजेपोटीच जन्माला आली.

त्या काळात डोंगराळ दक्षिणेकडच्या वाद्यवृंदात चाल फिडलकडे असे, फार तर बँजोकडे. गिटारने मागे उभं राहून ठेका द्यायचा. कार्टर मंडळींमध्ये फिडल नव्हतंच. खरं तर त्यांच्यातल्या ए. पी. कार्टरला ते वाजवता येत असे. १९२७च्या आधी ब्रन्झविक या तबकड्यांच्या कंपनीच्या माणसांनी त्याचं आणि त्याच्या बायकोचं, साराचं, गाणं ऐकलं होतं. पण त्यांना हवा होता फिडलवर नाचाच्या चाली वाजवणारा पुरुष, बाई पुढे उभी राहून गातेय हे त्यांना चालणार नव्हतं. ए. पी.चे आईवडील धर्मभीरू. नाचाचं फिडल म्हणजे त्यांच्या लेखी सैतानाचा धंदा. त्याने नकार दिला. पुढे धाकट्या भावाची बायको म्हणून मेबेल घरात आली आणि गिटार घेऊन बसली, तेव्हा फिडलची रिकामी जागा तिच्या वाट्याला आली.

मेबेल माहेरची ॲडिंग्टन. जन्म १९०९चा, व्हर्जिनिया राज्यातल्या नैऋत्य कोपऱ्यातल्या निकल्सव्हिलजवळचा. सारा तिची जवळच्या नात्यातली बहीण. १९२६मध्ये मेबेलने ए. पी.च्या भावाशी, एझराशी लग्न केलं, तेव्हा दोघी बहिणी जावाही झाल्या. एझराला सगळे ‘एक’ म्हणत. तो रेल्वेच्या टपाल डब्यात कारकून होता, म्हणजे महिन्याला ठरलेला पगार. क्लिंच पर्वताच्या पायथ्याशी मेसेस स्प्रिंग नावाची वस्ती, तिथल्या खोऱ्याचं नावच पुअर व्हॅली. त्या खोऱ्यात नियमित पगार ही किती मोठी गोष्ट होती हे लक्षात ठेवायला हवं, कारण मेबेलच्या पुढच्या वाटचालीत या पगाराचा वाटा मोठा आहे.

१९२७च्या उन्हाळ्यातली ती मोटारफेरी कंट्री संगीताच्या इतिहासात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की तिचं आता आख्यान झालं आहे. व्हिक्टर कंपनीसाठी काम करणारा राल्फ पीअर ब्रिस्टल गावात तळ ठोकून होता. ए. पी.ने भावाकडून मोटार मागून घेतली. बदल्यात त्याच्या मक्याच्या शेतातलं तण काढून देण्याचं कबूल केलं. गाडीत साराचं अंगावर पिणारं बाळ, त्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी आणि दिवस भरत आलेली अठरा वर्षांची मेबेल. अंतर पंचवीस-सव्वीस मैलांचं. पण धड रस्ता नव्हता, वाटेत नदी ओलांडायची होती, आणि उन्हाने टायर पुन्हा पुन्हा पंक्चर होत होते.

ब्रिस्टलची मुख्य पेठ म्हणजे स्टेट स्ट्रीट. या रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा आहे, एका फुटपाथवर व्हर्जिनिया, समोरच्या फुटपाथवर टेनेसी. टेनेसीच्या बाजूला टोप्यांच्या एका कंपनीच्या रिकाम्या इमारतीत पीअरने भिंतींवर गोधड्या-कांबळी टांगून ध्वनिमुद्रणाची खोली केली होती. यंत्र मेणाच्या तबकडीवर कोरणारं, पण आवाज टिपणारा मायक्रोफोन विजेवर चालणारा. १९२५पर्यंत ध्वनिमुद्रण म्हणजे भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडणं. त्यात गिटारसारखं हळुवार वाद्य हरवून जायचं. विजेचा मायक्रोफोन आला आणि गिटार पहिल्यांदा नीट ऐकू येऊ लागली. दोनच वर्षांनी मेबेल त्याच्यासमोर येऊन बसली. दहा वर्षं आधी ती तशीच वाजवत असती, तरी तबकडीवर त्यातलं निम्मं उतरलं नसतं.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी चार गाणी गायली आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन. दुसऱ्या दिवशी ए. पी. आलाच नव्हता. ‘सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल’ हे गाणं साराने फारशा मनाशिवाय, मेबेलच्या गिटारवर गायलं, आणि ते चांगलं खपलं. लग्न झालेल्या आणि न झालेल्या मुलीच्या आयुष्याचा सरळ हिशेब मांडणारं गाणं. एक गाणारी लेकुरवाळी, एक वाजवणारी गर्भार. पीअरने त्या बारा दिवसांत एकोणीस कलाकारांची किंवा संचांची ७६ ध्वनिमुद्रणं केली. जिमी रॉजर्स हा कंट्री संगीताचा पहिला मोठा तारा त्यांच्यातच होता. कार्टरांनंतर दोनच दिवसांनी तो त्या खोलीत गायला.

व्हिक्टरच्या तबकडीवरचा तो कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा मराठी घरांना अपरिचित नाही. आपल्या नाट्यपदांच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ तबकड्यांवरही हाच कुत्रा. एकच चित्र दोन खंडांतल्या दोन संलग्न कंपन्या वापरत होत्या. मर्यादाही तीच, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. आपल्या गवयांना त्या तीन मिनिटांत आलापीला कात्री लावावी लागली. कार्टरांना उलट ती सोयीची पडली, कारण त्यांची गाणी मुळात कडव्याकडव्यांची. प्रत्येक कडव्यानंतर गायक दम घेतो तेवढ्यात गिटार चाल पुन्हा सांगते, आणि तीन मिनिटं भरतात.

पैशांचं काय? गाण्यामागे ५० डॉलर. सहा गाण्यांचे तिघांना मिळून ३०० झाले, आणि पुअर व्हॅलीत ती रक्कम थक्क करणारी होती. पण खरा पैसा दुसरीकडे होता, आणि तो पीअरने ओळखला होता. त्याने व्हिक्टरकडे पगार मागितला नाही, गाण्यांचे हक्क मागितले. म्हणून त्याला सतत ‘नवी’ गाणी हवी असत, ज्यांच्यावर कुणाचा हक्क नोंदलेला नाही अशी. ती पुरवण्यासाठी ए. पी. डोंगराडोंगरांतून, घराघरांतून हिंडायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना गायला लावायचा, शब्द उतरवून घ्यायचा, जुळवाजुळव करायचा आणि तबकडीवर नाव पडायचं ए. पी. कार्टर. ‘वाइल्डवूड फ्लॉवर’ हे तर १८६०च्या सुमाराचं छापील दिवाणखान्यातलं गाणं. साठेक वर्षं तोंडातोंडी फिरताना त्याच्या शब्दांची इतकी मोडतोड झाली, की फुलांच्या यादीतल्या काही शब्दांचा पत्ताच लागत नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांखाली कुणी आपलं नाव घातलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करून बघावी. मात्र ए. पी.ला नुसता चोर म्हणून चालणार नाही. त्याने गोळा केली नसती तर यातली बरीच गाणी त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेली असती. पण हक्काच्या नोंदीत गिटारला रकाना नव्हता. चाल लिहिणारा मालक. ती चाल अंगठ्यात घेऊन लोकांच्या कानात बसवणारी मात्र कागदावर कुठेच नव्हती.

पैसे येऊ लागल्यावर एकने बायकोला गिब्सन कंपनीची ‘एल-५’ घेऊन दिली, १९२८ सालच्या बनावटीची, किंमत २७५ डॉलर. म्हणजे ब्रिस्टलची तिघांची जवळजवळ सगळी कमाई एका वाद्यात. ही गिटार डोंगरातल्या गाण्यांसाठी केलेली नव्हतीच. व्हायोलिनसारखा कमानदार माथा, दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘एफ’च्या आकाराच्या फटी, शहरी नृत्यवृंदात पितळी वाद्यांच्या गर्दीतून ऐकू जावी म्हणून केलेलं ते महागडं यंत्र. तिचा खर्ज स्पष्ट, ठोस आणि कोरडा. मेबेलची सगळी चाल खर्जातच, तिला नेमकं हेच हवं होतं. पुढे जन्मभर तिने हीच गिटार वाजवली. आज ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात आहे. साराचा आवाज खालच्या पट्टीतला, म्हणून मेबेल गिटारच्या तारा सैल करून सूर उतरवून घ्यायची. जुन्या तबकड्यांमधल्या त्या गिटारला जो गंभीर, किंचित घुमणारा रंग आहे, त्यातला काही भाग या सैल तारांचा आहे.

काही भाग आणखी एका माणसाचा. लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक टेनेसीच्या किंग्जपोर्टला राहायचा. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा पाय गेला होता, बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची बोटं. उरलेल्या बोटांनी त्याने स्वतःची वेगळी पद्धत बसवली होती. ए. पी. त्याला गाणी शोधायला बरोबर नेऊ लागला. कामाची वाटणी ठरलेली, ए. पी. शब्द लिहून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचा. वर्णभेदाच्या त्या काळात गोरा आणि काळा माणूस एकत्र दारोदार फिरतात, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाऊन बसतात, हे सहज घडणारं नव्हतं. रिडल कार्टरांच्या घरी येऊन राहायचा, आणि मेबेल त्याच्या हाताकडे बघत बसायची. ‘कॅननबॉल ब्लूज’ तिने त्याच्याकडून घेतलं. कार्टरांच्या तबकड्यांवर मात्र त्याचं नाव नाही.

कार्टरांच्या गाण्यांत भक्तिगीतांचा वाटा मोठा आहे, आणि ती नुसती तोंडी लावायला घातलेली नाहीत. ए. पी. चर्चच्या गायनचमूत वाढलेला. ‘कीप ऑन द सनी साइड’ हे त्यांचं परिचयगीत मुळात १८९९चं धर्मगीत. त्यांच्या कार्यक्रमाच्या जाहिरातपत्रकावर हा कार्यक्रम नीतीला धरून आहे, असं स्वच्छ छापलेलं असे. ‘लोनसम व्हॅली’, ‘रिव्हर ऑफ जॉर्डन’, ‘व्हेन द वर्ल्ड्स ऑन फायर’ ही गाणी ऐकताना जाणवतं, की प्रेमभंगाच्या गाण्यात आणि देवाच्या गाण्यात मेबेलचा हात बदलत नाही. तोच अंगठा, तीच लय, कुठे जादा भाव नाही. साराचा आवाजही तसाच सरळ. पुष्कळ गॉस्पेलमध्ये गायक देवापुढे हंबरडा फोडतो. इथे खबर सांगितल्यासारखं गातात, आणि मला तरी ते जास्त भिडतं. ‘व्हेन द वर्ल्ड्स ऑन फायर’ची चाल पुढे वुडी गथ्रीने उचलली आणि तिच्यावर ‘धिस लँड इज युअर लँड’ रचलं. जगाच्या अंताचं धर्मगीत अशा रीतीने अमेरिकी शाळांतलं देशगीत झालं.

१९३५मध्ये ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ आलं. मूळ १९०७चं धर्मगीत, ए. पी.ने कडवी बदलून त्यात आईची प्रेतयात्रा आणली. मंदीत धर्मगीतही कसं बदललं पाहिजे हे त्याला कळत होतं. मंदीने त्यांचीही दैना केलीच. तबकड्यांचा खप कोसळला, ए. पी. डेट्रॉइटला काम शोधत गेला, मेबेल एकच्या बदलीमागे घर हलवत राहिली. मधेच १९३१मध्ये लुइव्हिलला जिमी रॉजर्सबरोबर ध्वनिमुद्रण झालं. क्षयाने तो इतका खंगला होता की त्याच्या काही गाण्यांत गिटार आपणच वाजवली, असं मेबेलने नंतर सांगितलं आहे. दोन वर्षांत रॉजर्स गेला. तिकडे सारा आणि ए. पी.चा संसार मोडला होता. सारा घर सोडून गेली, पुढे घटस्फोट झाला. पण ध्वनिमुद्रणाची तारीख आली की तिघं एकत्र येत, गात आणि पांगत. ही ओढाताण तबकड्यांमध्ये कुठेही ऐकू येत नाही. मधल्या माणसाचं काम कुणी केलं असेल, हे सांगायला नको.

१९३८च्या हिवाळ्यात ते टेक्सासच्या सीमेवर गेले. मेक्सिकोच्या हद्दीतल्या एक्सईआरए या रेडिओ केंद्राचा मालक डॉ. ब्रिंकली हा बोकडाच्या ग्रंथी माणसात बसवून पौरुष परत आणून देतो म्हणणारा भोंदू. अमेरिकेत त्याचा परवाना गेला म्हणून त्याने सीमेपलीकडे मनोरा उभारला. अमेरिकेतल्या केंद्रांना ५० किलोवॅटची मर्यादा, तर हे केंद्र ५०० किलोवॅटचं म्हणून गाजलेलं. टॉनिक आणि केसांच्या कलपाच्या जाहिरातींच्या मध्ये कार्टर फॅमिली गायची, आणि ते गाणं रात्री थेट कॅनडापर्यंत जायचं. एरवी ज्यांच्याकडे तबकडी घ्यायला पैसे नव्हते त्यांच्या घरात मेबेलचा अंगठा अशा प्रकारे पोचला. या लहरींवरूनच साराने कॅलिफोर्नियातल्या आपल्या जुन्या प्रियकराला उद्देशून गाणं म्हटलं. तो आला, आणि १९३९मध्ये दोघांनी लग्न केलं. शेजारी उभं राहून त्या गाण्याला साथ करणाऱ्या ए. पी.चं काय झालं असेल, यावर एक स्वतंत्र कादंबरी होईल. १९४१मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाचा छायाचित्रकार पुअर व्हॅलीत येऊन गेला. पण पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ती पानं युद्धाला गेली. १९४३मध्ये तिघं कायमचे पांगले. तोवर अडीचशेच्या वर बाजू ध्वनिमुद्रित झाल्या होत्या.

मेबेल तेव्हा चौतिशीची. तिने हेलन, जून आणि अनिता या आपल्या तिन्ही मुलींना उभं केलं. ‘मदर मेबेल अँड द कार्टर सिस्टर्स’ हे नाव तेव्हापासूनचं. चौतिशीतच ती सगळ्या धंद्याची आई झाली. रिचमंड, नॉक्सव्हिल, मग मिसुरीतलं स्प्रिंगफील्ड अशी रेडिओ केंद्रं बदलत चौघी फिरल्या. गाडी बहुतेकदा मेबेलच चालवायची, आणि भरधाव चालवायची. नॉक्सव्हिलला त्यांनी एक लाजाळू, नोकऱ्या सुटत गेलेला गिटारवादक सोबत घेतला, चेट ॲटकिन्स. १९५०मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाचं बोलावणं आलं, पण तिथल्या वादकांना ॲटकिन्स नको होता. हा आला तर आपली कामं जातील ही भीती. घेणार असाल तर त्याच्यासकट, यावर मेबेलचा नवरा, एक, अडून बसला. ॲटकिन्स आत गेला आणि काही वर्षांत नॅशव्हिलचा सगळ्यात वजनदार गिटारवादक आणि निर्माता झाला.

मेबेलच्या वाट्याला मात्र पन्नाशीत वेगळेच दिवस आले. विजेच्या गिटारी आणि रॉक अँड रोल आल्यावर डोंगरातलं गाणं जुनाट ठरलं. कार्यक्रम रोडावले. तेव्हा, पन्नासच्या दशकाच्या शेवटी, नॅशव्हिलमध्ये तिने आजारी म्हाताऱ्या माणसांकडे रात्रपाळीची शुश्रूषेची नोकरी धरली. जिची वादनपद्धत देशातले गिटारवादक गिरवत होते, ती बाई औषधाच्या वेळा सांभाळत उशापाशी बसून रात्री काढत होती. याला कुणी शोकांतिका म्हणेल, मला तसं म्हणवत नाही. आपण कलावंत आहोत आणि हे काम आपल्याला शोभत नाही, असा आव तिने कधी आणल्याचं दिसत नाही. गिटार हे काम होतं, हेही काम होतं. चीड यावी ती हिशेबाची. ज्या गाण्यांनी प्रकाशक गब्बर झाले, ती वाजवणारीला उतारवयात रात्रपाळी करावी लागली.

तोवर शहरांतल्या पोरांनी तिला शोधून काढलं होतं. १९५२मध्ये हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांचा मोठा संच काढला, त्यात कार्टरांची गाणी होती. ती ऐकून न्यूयॉर्क-बॉस्टनची कॉलेजातली मुलं गिटार घेऊन बसली. १९६१मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज या वादकजोडीने कार्टरांच्या गाण्यांची तबकडी केली आणि मेबेललाच वाजवायला बोलावलं. १९६३मध्ये ती न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गेली. त्याच वर्षी जॉनी कॅशच्या ‘रिंग ऑफ फायर’मागे कार्टर मायलेकींचे आवाज होते, ते गाणं मेबेलच्या जूनने मर्ल किलगोरबरोबर लिहिलेलं. कॅश पुढे जावई झाला आणि त्याने सासूला आपल्या दौऱ्यांत, दूरदर्शनच्या कार्यक्रमात मानाने पुढे ठेवलं. या काळात ती ऑटोहार्पकडे जास्त वळली. मांडीवर ठेवून ठेका धरायचं हे वाद्य तिने छातीशी उभं धरलं आणि त्यावरही चालच वाजवली. जे गिटारचं केलं तेच.

ऑगस्ट १९७१मध्ये कॅलिफोर्नियातल्या लांब केसांच्या पोरांचा ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ नॅशव्हिलला आला आणि जुन्या पिढीला एका स्टुडिओत बसवून सहा दिवसांत तीन तबकड्यांचा संच केला. व्हिएतनामच्या त्या वर्षांत केसांच्या लांबीवरून घरं फुटत होती. रॉय अकफ या बुजुर्गाने आधी नाकं मुरडली, मग गायला. मेबेलने नाक वगैरे मुरडलं नाही. ती आली आणि सूर लावून ‘वाइल्डवूड फ्लॉवर’ वाजवलं. ४३ वर्षांनंतरही अंगठा तोच आहे, जरा सावकाश. संचाला नाव दिलं ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’. ते गाणं तिने सगळ्यांच्या पुढे राहून गायलं. मूळ कार्टर फॅमिलीत नेहमी दुसरा आवाज देणारी मेबेल इथे पहिला आवाज झाली आहे. मोठा आवाज नव्हे, थोडा कोरडा, पण शब्द कुठेही सुटत नाही. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली. अडीच महिन्यांत, जानेवारी १९७९मध्ये, साराही.

साठच्या दशकातली एक गोष्ट राहिली. माइक सीगर हा लोकसंगीताचा वादक आणि अभ्यासक मेबेलकडे गिटारबद्दल विचारत असे. ही पद्धत कुठून आली, हे तिला कुणी फारसं विचारलेलं नव्हतं. तिने लेस्ली रिडलचं नाव सांगितलं. १९६५मध्ये सीगरने त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गाठलं. रिडलने वाजवणं केव्हाच सोडून दिलं होतं. सीगरने पुढे त्याला वाजवतं-गातं केलं आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवलं. ती मुद्रणं ‘स्टेप बाय स्टेप’ या नावाने राउंडर कंपनीने १९९३मध्ये काढली, रिडलच्या मृत्यूनंतर. मुखपृष्ठावर नाव लेस्ली रिडलचं आहे.